रोममधला पहिला दिवस कोलोसियमला देऊ नका

एका वाचक ताईंचं कोल्हापूरहून पत्र आलं आहे. ते थोडं कमी करून इथे देते.

“मी ५४ वर्षांची आहे. बँकेतून अलीकडेच स्वेच्छानिवृत्ती घेतली. सातवीत असताना आमच्या बाईंनी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये नेऊन पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती दाखवली होती. ही रोमहून इथे आली, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून रोम डोक्यात आहे. ऑक्टोबरमध्ये पाच दिवसांसाठी निघाले आहे. मैत्रीण बरोबर येणार होती, पण तिच्या सासूबाई आजारी पडल्याने तिला रद्द करावं लागलं. मी मात्र जायचं ठरवलं. माझं विमान शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता उतरतं. लेकीने पहिल्या दिवसाचं वेळापत्रक करून दिलंय : साडेतीनला कोलोसियम, मग फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक), मग ट्रेव्ही कारंजं, स्पॅनिश पायऱ्या आणि रात्री व्हॅटिकनचा चौक. ‘एवढा खर्च केलास तर अर्धा दिवसही वाया घालवू नकोस’ असं घरचे सगळे म्हणतात. मला दोन गोष्टी सतावतात. एक, मी आजवर कोल्हापुरातसुद्धा हॉटेलात एकटी बसून जेवले नाही, तिथे कशी बसणार? शिवाय मी शाकाहारी. दुसरी कोणाला बोललेली नाही. इतकी वर्षं मनात धरलेलं गाव समोर आलं आणि मला काहीच वाटलं नाही तर?”

प्रिय ताई,

मैत्रिणीचं रद्द झाल्यावरही तुम्ही तिकीट परत केलं नाहीत, याचा मला मनापासून आनंद झाला. सोबत सुटली की आपल्याकडच्या बहुतेक बायका ‘जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात, आणि ते पुढचं वर्ष काही येत नाही.

लेकीने वेळापत्रक प्रेमाने केलंय हे दिसतंच आहे. पण त्यातला शुक्रवार पूर्ण खोडा. पहिल्या दिवशी कोलोसियम नको, व्हॅटिकनही नको.

आधी साधा हिशोब मांडू. कोल्हापूरहून मुंबईचा रात्रीचा प्रवास, मग विमान, मध्ये आखातात थांबा. म्हणजे शुक्रवारी दुपारी तुम्ही दोन रात्रींच्या अर्धवट झोपेवर उतरणार. विमान पाऊण वाजता टेकलं तरी भारतीय पासपोर्टवाल्यांची रांग, सामानाचा पट्टा आणि स्टेशनपर्यंतची चाल यातच दोन वाजून जातात. विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटं घेते. तिथून हॉटेल, खोली, तोंड धुणं. साडेतीनला तुम्ही फार तर खोलीच्या दारात असाल. कोलोसियमचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, त्यावर तुमचं नाव छापलेलं असतं आणि उशीर झाला तर आत घेण्याची खात्री नसते. विमान तासभर उशिरा आलं तर पैसे गेलेच, वर पहिल्याच दिवशी जिवाला रुखरुख. आणि समजा, सगळं वेळेवर झालं, तरी ऑक्टोबरमध्ये रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमचं शरीर साडेनऊ धरून चाललेलं असतं. व्हॅटिकनच्या चौकात उभ्या राहाल तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असेल.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो या हिशोबाशी बांधलेला आहे. काहीच वाटलं नाही तर? मला विचाराल तर, असं होतं. पुष्कळांना होतं. ज्याचे फोटो लहानपणापासून हजारदा पाहिले ती वास्तू समोर येते, आणि पाय दुखत असतात, घसा कोरडा असतो, मागून कोणीतरी सेल्फीची काठी पुढे काढतं. मन म्हणतं, ‘अच्छा, हेच ते.’ आणि त्या ‘अच्छा’ची मग फार शरम वाटते, जणू इतक्या वर्षांची ओढ खोटी होती. ओढ खोटी नसते. झोप झालेली नसते, पोटात नीट अन्न नसतं, आणि आपण सोळा तास अनोळखी माणसांत सावध राहून थकलेलो असतो. असल्या अवस्थेत स्वतःची परीक्षा घेऊ नये. म्हणूनच सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्या दिवशी ठेवू नका, एवढंच माझं सांगणं आहे. पहिला दिवस गावाशी ओळख करून घ्यायचा. आणि ती पायी होते.

तर शुक्रवार असा घालवा. खोलीत सामान टाका, अंघोळ करा, पण पलंगावर आडव्या होऊ नका. झोपलात तर रात्री दोनला टक्क जाग्या व्हाल. साडेचारच्या सुमाराला बाहेर पडा. तेर्मिनी स्टेशनच्या चौकातून ४० आणि ६४ नंबरच्या बस सुटतात. तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते. ‘लार्गो दि तोर्रे आर्जेंतिना’ला उतरा. साध्या तिकिटाला दीड युरो पडतो आणि ते १०० मिनिटं चालतं. मात्र ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. पर्स पोटाशी धरा, मोबाईल पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा, आणि बस खचाखच भरली असेल तर सरळ पुढच्या बसची वाट बघा. तुम्हाला घाई नाही, ही त्या दिवसाची मोठी चैन आहे.

उतरलात की समोर एक खोलगट जागा दिसेल. रस्त्याच्या पातळीखाली काही मीटर चार जुन्या देवळांचे अवशेष, तुटके खांब, पायऱ्या. कठड्यावरून खाली बघा. खांबांच्या बुंध्यांवर मांजरं पसरलेली असतात. तिथे त्यांचं एक आश्रयस्थान आहे, माणसं त्यांची देखभाल करतात. आणि याच परिसरात, देवळांच्या मागच्या बाजूला पॉम्पी या रोमन सेनापतीची सभागृह-इमारत होती, जिथे इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरला मारलं. शाळेत शिकलेला तो प्रसंग घडला ती जागा बसच्या थांब्याजवळच आहे. तिकीट काढून खाली जाता येतं, पण पहिल्या दिवशी कठड्यावरूनच बघा. रोम असंच आहे. अमुक ठिकाणी इतिहास आणि तमुक ठिकाणी बाजार, अशी तिथे वाटणी नाही.

तिथून पँथिऑन, म्हणजे रोमनांचं जुनं देऊळ, पाच-सात मिनिटांवर. वाटेत सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या चर्चसमोरच्या चौकात थांबा. तिथे एक दगडी हत्ती पाठीवर इजिप्तचा ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी खांब, घेऊन उभा आहे. कल्पना शिल्पकार बर्निनीची, साल १६६७. हत्ती अगदी लहान, चेहरा प्रेमळ. घराबाहेर पडल्यापासून पहिलं ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटेल.

पँथिऑनमध्ये मात्र आत जा. २०२३ पासून पर्यटकांना तिकीट आहे. शेवटचा प्रवेश साधारण साडेसहाला असतो, त्याआधी पोचा. दारावरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत रोमन सेनापती अग्रिप्पाचं नाव कोरलेलं आहे. इमारत मात्र त्याची नाही, पुढे सम्राट हॅड्रियनच्या काळात, दुसऱ्या शतकात, ती नव्याने बांधली आणि जुनं नाव तसंच राहू दिलं. आत शिरलात की मान आपोआप वर जाते. घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून थोडा जास्त, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्याची उंचीही तेवढीच. लोखंडी सळई न घालता ओतलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजवर कोणी बांधलेला नाही. माथ्यावर जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं भोक आहे, त्याला काच नाही, काही नाही. ऑक्टोबरात रोमला पाऊस पडतो. पडला तर हिरमुसू नका, छत्री घेऊन इथेच या. पाऊस त्या भोकातून सरळ आत येतो आणि किंचित उतार दिलेल्या फरशीतल्या छोट्या भोकांतून निघून जातो. फरशी नीट बघा, ती भोकं सापडतील. कडेच्या बाकांवर निदान पंधरा मिनिटं बसा. चित्रकार राफाएल इथेच पुरलेला आहे, पण बसायचं ते त्यासाठी नाही. उजेडाचा तो गोल भिंतीवरून हळूहळू सरकताना बघायला बसायचं. एकटं असण्याचा इथे खरा फायदा होतो, ‘चला, झालं का?’ म्हणणारं कोणी नसतं.

मग सान लुईजी देई फ्रांचेझी. हे चर्च पँथिऑनपासून तीन-चार मिनिटांवर, प्रवेश मोफत. दुपारी बंद असतं आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पुन्हा बंद होतं, म्हणून वेळेकडे लक्ष ठेवा. उशीर झाला तर हे दुसऱ्या दिवसावर टाका, पण चुकवू नका. डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात चित्रकार काराव्हाजोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आगेमागे रंगवलेली. कोनाडा काळोखा असतो. बाजूला एक पेटी असते, तिच्यात नाणं टाकलं की काही वेळ दिवा लागतो. मी गेले होते तेव्हा बरीच माणसं अंधारात नुसती उभी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिसे चाचपून नाणं काढलं, दिवा लागला, आणि सगळी एकदम दोन पावलं पुढे सरकली. डावीकडच्या चित्रात टेबलाशी पैसे मोजणारी माणसं, उजवीकडून येणारा उजेडाचा तिरपा पट्टा, आणि ख्रिस्ताचा पुढे झालेला हात. कोणी कोणाशी बोललं नाही. दिवा विझल्यावर एका मुलीने नाणं टाकलं, मग मी. ताई, तुम्ही एकट्या फिराल म्हणजे अख्खा दिवस माणसांशिवाय राहाल असं समजू नका. एका चित्रासमोर अनोळखी माणसांबरोबर असं उभं राहणं हीसुद्धा सोबतच असते. पर्समध्ये एक-दोन युरोची नाणी सुटी ठेवा.

तिथून पलीकडच्या गल्लीतून बाहेर पडलात की पियात्सा नावोना. लांबोळका चौक आहे, कारण तो सम्राट डोमिशियनच्या धावण्याच्या मैदानावर वसलेला आहे. कडेच्या इमारती अजून जुन्या प्रेक्षकसज्जांची रेघ धरून उभ्या आहेत. मधोमध बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, १६५१ सालचं. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता, आणि चौथी आपली गंगा. तिला शोधा. रोमन प्रथेप्रमाणे नद्या पुरुषरूपात आहेत, त्यामुळे आपली गंगामाई तिथे दाढीवाला, धिप्पाड पुरुष आहे आणि त्याच्या हातात लांब वल्हं आहे. नाईलचं डोकं कापडाने झाकलेलं आहे, कारण तेव्हा युरोपीय लोकांना तिचा उगम ठाऊक नव्हता. गंगेच्या बाजूला जाऊन कठड्याजवळ थांबा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत, पंचगंगेच्या काठी, पोसायडन सापडला. आणि इथे, रोमच्या मध्यभागी, गंगा बसली आहे. तुमच्या बाईंनी तुम्हाला त्या दिवशी एका बाजूचं टोक दाखवलं होतं, हे दुसरं.

या वाटेवर तहान लागली तर बाटली विकत घेऊ नका. रोमच्या रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे छोटे खांब आहेत, त्यांच्या वाकड्या नळीतून चोवीस तास पिण्याचं गार पाणी वाहतं. शहरभर असे सुमारे २५०० आहेत. लोक त्यांना ‘नासोने’ म्हणतात. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाणी उडतं आणि बाटलीशिवायही पिता येतं. पहिल्यांदा दाबाल तेव्हा चष्मा भिजेल, जरा लांबून वाका. ट्रेव्ही कारंजं शनिवारी किंवा रविवारी पहाटे बघा. संध्याकाळी तिथे पाणी कमी आणि पाठी जास्त दिसतात. ज्या अग्रिप्पाचं नाव तुम्ही पँथिऑनवर वाचलं असेल, त्यानेच इ.स.पू. १९ मध्ये शहरात आणलेल्या जलवाहिनीची आजची वारस वाहिनी ट्रेव्हीला पाणी पुरवते.

आता जेवणाचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एकट्या फिरणाऱ्या बायका इथे हार मानतात. दिवसभर धीटपणे हिंडतात आणि संध्याकाळी खोलीत बसून ठेपले खातात. ठेपले बरोबर न्या, जरूर न्या, पण पहिल्या रात्री नाही. तुमच्यासाठी एक काम सांगते, जाण्याच्या आधी कोल्हापुरातच करायचं. येत्या रविवारी एखाद्या मिसळवाल्याकडे एकट्या जा. टेबलाशी बसा, मिसळ सांगा, आणि मोबाईल बाहेर न काढता जेवण पुरं करा. वाटलं तर जास्तीचा कट मागा. ओळखीचं कोणी विचारलंच, ‘एकट्याच?’, तर ‘होय’ म्हणा आणि पाव तोडा. दोन रविवार हे केलंत की रोम सोपं आहे, कारण तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही आणि एकट्या जेवणाऱ्या बाईकडे कोणी वळून बघत नाही.

तिथली संध्याकाळची जेवणं साडेसात-आठला सुरू होतात. उघडल्या उघडल्या गेलात तर एकटीलाही बरं टेबल मिळतं. नावोनाच्या चौकातल्या, दारात उभं राहून बोलावणाऱ्या हॉटेलात बसू नका, दोन गल्ल्या आत जा. दारात ‘उना पेर्सोना’ म्हणा, म्हणजे एकच माणूस. मग ‘सोनो वेजेतारियाना’, मी शाकाहारी आहे. काचो ए पेपे मागवा. पास्ता, मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि भरपूर काळी मिरी, बस एवढंच. चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं विरजण असतं, ते चालत नसेल तर टोमॅटो आणि लसणाचा मारिनारा पिझ्झा घ्या, त्यावर चीज नसतं. कार्बोनारा आणि आमात्रिचाना टाळा, दोन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं. आणि मिरी दाताखाली आली की एक गोष्ट आठवा. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार लिहून ठेवली आहे की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतो. ते पैसे मिरी, रेशमी-सुती कापड, रत्नं यांवर जात. डोमिशियनने तर फोरममध्ये मिरी-मसाल्यांची खास कोठारं बांधली होती. ही देवघेव होती म्हणून तो पोसायडन तुमच्या गावापर्यंत पोचला.

सकाळच्या नाश्त्याला कॉफीच्या दुकानात, म्हणजे तिथल्या बारमध्ये, उभ्यानेच प्या. आपल्या अमृततुल्यासारखं असतं ते, काउंटरला टेकायचं, दोन घोटांत संपवायचं, निघायचं. टेबलाशी बसलात तर तीच कॉफी बरीच महाग पडते. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते आणि ती काउंटरवर दाखवावी लागते.

परतीला रात्री नऊच्या आसपास अधिकृत पांढरी टॅक्सी घ्या. लार्गो आर्जेंतिनाला टॅक्सीचा थांबा आहे. मध्यवर्ती गल्ल्या उशिरापर्यंत गजबजलेल्या असतात, तिथे भीती नाही. पण तेर्मिनीच्या आसपास रात्री एकटीने, थकलेल्या अंगाने, मोबाईलवर नकाशा बघत चालू नये. इथे चार पैसे जाऊ द्या. कोणी हातात गुलाब दिला, मनगटात दोरा बांधायला आलं किंवा रोमन शिपायाच्या वेशात फोटोला बोलावलं, तर हात मागे घेऊन चालत राहा. दयेपोटी थांबू नका. अडचणीसाठी ११२ हा नंबर लक्षात ठेवा.

घरच्यांना दिवसभर फोटो पाठवत बसू नका. पोचल्याचा एक निरोप, रात्री खोलीत आल्याचा एक. जे बघितलं ते सांगायला मात्र माणूस लागतंच, ही गरज मी जाणते. म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या मैत्रिणीला एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवा. मांजरं, हत्ती, दाढीवाली गंगा, मिरी, सगळं. ती सासूबाईंच्या उशाशी बसून ऐकेल. तिलाही यायचंच होतं.

शनिवारी सकाळी, सहा-सात तास झोपून, कॉफी पिऊन, कोलोसियमला जा. दिवसाची पहिली किंवा दुसरी वेळ मिळाली तर उत्तम. अधिकृत संकेतस्थळावर साधारण महिनाभर आधी तिकिटं खुली होतात. लेकीला ते काम द्या, तिची हौसही भागेल. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायला सांगा आणि त्या दिवशी पासपोर्ट बरोबर ठेवा. तेर्मिनीहून मेट्रोची ब लाईन, दुसरं स्टेशन. पायऱ्या चढून बाहेर आलात की रस्त्यापलीकडे तोच उभा असतो. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते, म्हणजे शनिवार तिथेच जाईल, जाऊ द्या. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा सोडून बाकी रविवारी बंद असतात, तेव्हा ती सोमवारी ठेवा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. तुम्हाला त्यासाठी वेगळं काही करावं लागणार नाही, ओढणी बरोबर असली की झालं.

आणि बूट आजच घ्या. रोमच्या गल्ल्यांत काळ्या दगडांचे चौकोनी तुकडे बसवलेले आहेत, त्यांच्या फटींत नवी चप्पल आणि बारीक टाच दोन्ही हरतात. जाड तळव्याचे घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि जाईपर्यंत रोज संध्याकाळी तेच घालून रंकाळ्याला फेरी मारा.